अर्धी बॅटरी

समोरचा माणूस जरा हसला, की आमच्या शेजारचा फोटोग्राफर कॅमेरा खाली घ्यायचा. "हसू नोका, हाये त्याच्यापेक्षा खराब येते." माणसं तोंड मिटून घ्यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याकडेच यायची, कारण फोटो मात्र लख्ख काढायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, हाताला गुण आणि जिभेला काटा.

अकोल्याकडच्या मालेगावात आमची दुकानं शेजारी. त्याचा स्टुडिओ, माझं ब्लाउज शिवायचं दुकान. मधे नुसता पत्रा, त्यामुळे त्याचं सगळं मला पाठ.

"काकू, काच म्हंजे कॅमेऱ्याचा डोळा. आन् फर्मवेअर म्हंजे आतलं डोकं. कंपनी ते डोकं सुधारून पाठवते."

"मंग आलं की घालत काहून नाही?"

"माह्या कॅमेऱ्याले जो आजारच नाही, त्याची दवाई मी कायले पाजू? आधी दुसऱ्याचा मरते का, ते पाहाव."

त्याचे नियम पक्के. लग्नसराईत अपडेट नाही. आपल्याला छळणारी खोड त्यात दुरुस्त झाली असेल, तरच करायचं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. पडद्यावर अपडेटची पट्टी सरकते, ती शेवटाला जाईपर्यंत कॅमेरा बंद पडता कामा नये. पडला, की त्याचा दगड झालाच.

शिरपूरच्या एका फोटोग्राफरनं लग्नाच्या आदल्या दिवशी अपडेट केलं आणि फ्लॅश पेटेना. रडवेला होऊन ह्याच्याकडे आला. ह्यानं कॅमेरा हातातही घेतला नाही. "आता चित्रकलेची वही घेऊन जाय. नवरी समोर बसवजो आन् काढजो." मीही हसले. त्याचं बोलणं दुसऱ्याला लागायचं तोवर मजा वाटायची.

मग त्यानं नवी लेन्स घेतली. तिच्यावर फोकस ठरेना, चेहरा सोडून मागची भिंत स्पष्ट यायची. नव्या अपडेटात नेमका त्यावरच इलाज होता. चार दिवसांवर कारंज्याला साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं काम, आणि दिवस दसऱ्याचा. माझी कात्री मी दर वर्षी स्टुडिओतल्या त्यांच्याच पाटावर पूजेला ठेवायची. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला विसावा, चालवायचं नाही.

त्याची बायको म्हणाली, "अवो, आज तरी राहू द्या त्याले."

"मी काम नाही करून राह्यलो. त्याले दवाई देऊन राह्यलो."

भरलेली बॅटरी घरी राहिली होती. पिशवीतली जुनीच घातली. जुनी बॅटरी अर्धी दाखवते आणि एकाएकी झोपते, हे त्याच्याच तोंडून मी ऐकलेलं. "अर्धी हाये, घडीभराचं काम," म्हणाला, पट्टी सुरू केली आणि झेंडूची फुलं आणायला गेला.

मी तिथंच स्टुडिओत कात्री पुसत बसले होते. पट्टी निम्म्यावर आली आणि पडदा काळा झाला. त्यानंतर बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन आत आली. तिला वाटलं, झालं काम. तिनं कॅमेरा उचलून पाटावर ठेवला, कुंकू लावलं.

तो आला. बटण दाबतो, दाबतो, काही नाही.

"कोनं हात लावला?"

"मी. पन मी बंद नाही केला वो..."

"मारला! पूजाच कराची होती तं जित्याची करती!" हातातली फुलं त्यानं तिच्या अंगावर फेकली. मी मुकाट्यानं माझ्या दुकानात आले. सणाचा दिवस, नवराबायकोच्या मधे कशाला पडा.

अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यानं फोनच्या स्पीकरवर सांगितलं ते पत्र्याआडून मीही ऐकलं: बॅटरी मधेच गेली, दुसरं कारण नाही. ह्यानं फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बायकोनं कुंकू लावून मारला."

पुढं ती पाणी घेऊन आली की गिऱ्हाइकाला म्हणायचा, "जपून प्या. हिनं हात लावला की वस्तू मरते." लोक हसायचे. आधी तीही हसायची. मग हसेनाशी झाली. मग पाणी आणेनाशी झाली.

एकदा माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली. कापड हातातच धरून म्हणाली, "काकू, तुमी होत्या ना तवा? माह्या हातून बटन दबलं असंल का वो? मले तं आता यादच येत नाही."

मी म्हटलं, "जाऊ दे व, जुनी गोष्ट."

गेल्या वर्षी कावीळ होऊन ती गेली. तेरवीच्या पंगतीत कोणी तरी धंद्याचं विचारलं आणि ह्यानं तेच काढलं, "तिनं कुंकू लावलं आन्..." दोघंतिघं हसलेही. मी हातातला घास ताटात ठेवला.

"भाऊ, तिनं हात लावाच्या आधीच पडदा काळा झाला होता. मी पाह्यला."

तो बुंदी वाढत होता. हात न थांबवता म्हणाला, "मले मालूम हाये काकू. मीच तं अर्धी बॅटरी घातली होती."

"मंग कायले छळलं तिले?"

"तुमी कायले गप बसल्या?" एवढं बोलून तो पुढच्या ताटाकडे सरकला.

दिवाळीनंतर स्टुडिओ बंद करून तो लेकीकडे निघून गेला. स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला द्यायला होतं, आणि ती तर स्वतः विचारायला आली होती.