उजवी बाजू वर

ज्या तालुक्यात भात सणासुदीलाच ताटात दिसायचा, तिथे जपानी पद्धतीच्या भातलागवडीचे जपानी तज्ज्ञ का पाठवले, हे सरकारलाच ठाऊक. महाराष्ट्र नुकताच झाला होता, उत्साहाला तोटा नव्हता. तज्ज्ञांसोबत त्यांची बायकोही येणार म्हटल्यावर मेहकरच्या आमच्या महिला मंडळानं जपानचा उत्सव करायचं ठरवलं. जागा गावाबाहेरच्या माळावरचा गोऱ्या साहेबाचा जुना बंगला. साहेब कधीच गेला होता, पण उंच खिडक्या आणि चहूकडचा व्हरांडा शाबूत होता.

मी तेव्हा नववीत होते. ती दुपार मला झोपेत पाहिल्यासारखी आठवते. जपानात म्हणे गुलाबी फुलांची झाडं असतात. आम्ही कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मडक्यांत रोवल्या, कापूस गुलाबी रंगात बुडवला आणि काडीकाडीला चिकटवला. व्हरांड्यात पतंगाच्या कागदाचे कंदील टांगले. हिवाळ्याचं ऊन त्यांतून झिरपून आत यायचं, फरशीवर हिरवं-केशरी पसरायचं, आणि वारा सुटला की सगळा बंगलाच हळूहळू कुठेतरी निघालाय असं वाटायचं. आपण मेहकरात आहोत हे मी मधूनमधून विसरत होते.

किमोनो माझ्या मावशीनं शिवले. सगळ्याजणी त्याला ‘किमोना’ म्हणत. मावशी बाविसाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून पांढरं लुगडं आणि शिवणयंत्र एवढाच तिचा संसार. कॅलेंडरवरचं एक चित्र समोर ठेवून तिनं फुलाफुलांच्या चिटाचे अकरा किमोनो शिवले आणि बारावा, निळा, गुपचूप स्वतःसाठी. मला एकटीलाच दाखवला.

“हे लुगडं थोडंच हाये? याले कोन नाही म्हनीन?” ती म्हणाली. मावशीला इतकी वर्षं रंग अंगाला लावायचा होता, आणि त्यासाठी तिनं सातासमुद्रापलीकडची पळवाट शोधली होती!

पण मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना वास लागलाच. मोठ्या जमीनदाराघरची बाई, आवाजही तसाच. “तुले काऊन पायजे वं किमोना? तू मांगं राय, पिना लाव सगळ्याइले.” निळा किमोनो घडी करून मावशीनं हातावर टाकला आणि आम्हाला नेसवायला लागली. पदर जसा उजवीकडून निघून डाव्या खांद्यावर जातो, तशीच तिच्या हाताच्या सवयीनं उजवी बाजू वर आली, डावी खाली गेली. कुणाला काही खटकलं नाही. खटकणार तरी कसं?

आम्ही अकराजणी मोठ्या हॉलमध्ये रांगेत उभ्या राहिलो. सर्वांत पुढे अध्यक्षीणबाई. जपानी बाई आत आल्या, लहानशा, राखाडी कोटातल्या. कापसाची फुलं पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग हसत आमच्याकडे पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी थांबलं. त्या दुभाष्याच्या कानाशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या. तो बिचारा वऱ्हाडातलाच, शेतकी खात्यातला. घसा खाकरून म्हणाला, “बाई म्हंतेत, उजवी बाजू वर अशी... मेलेल्या मानसाले नेसवतेत.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “म्हंजे अपसव्य!” श्राद्धाला जानवं उलट्या खांद्यावर घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. एका शब्दात सगळ्यांना सगळं कळलं. पहिल्या नंबरचं प्रेत अध्यक्षीणबाईंचं होतं, आणि मला हसू दाबता येईना.

जपानी बाई पुढे झाल्या. एकेकीपुढे जाऊन वाकायच्या, पिना काढायच्या, डावी बाजू वर घ्यायच्या. रांग संपली तेव्हा दाराशी उभी मावशी त्यांना दिसली. हातावर निळा किमोनो. त्यांनी बोटानं विचारलं, तुझा?

“हाव,” मावशी म्हणाली.

“हाय,” बाई म्हणाल्या आणि किमोनो तिच्या लुगड्यावरून चढवायला लागल्या.

“तिले नका नेसवू, ते विधवा हाये!” अध्यक्षीणबाई ओरडल्या. दुभाष्यानं भाषांतर केलं. बाई “हाय, हाय” म्हणत ऐकत होत्या, पण हात थांबले नाहीत. त्यांच्या भाषेत ‘हाय’ म्हणजे ‘हो’, पण नुसतं ‘ऐकतेय’ असंही असतं, हे मला फार उशिरा कळलं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. दुभाष्या खाली बघत म्हणाला, “बाई इचारतेत, ह्या जित्या हायेत न? मंग डावी वर.”

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली, एकटीनंच.

संध्याकाळी सगळ्याजणी किमोनो उतरवून पातळं नेसल्या. मावशीनं उतरवला नाही. तशीच निळी, बाजारपेठेच्या रस्त्यानं घरी निघाली. दुकानांच्या फळ्यांवरची माणसं बोलायची थांबली. माझ्या वर्गातल्या दोन मुली चक्कीपाशी उभ्या होत्या. माझी चाल मंदावली.

मावशीनं वळून पाहिलं. “ये न वं, संगं चाल.”

“पायात खडा गेला,” मी म्हटलं. “तू हो पुढं.”

ती हो म्हणाली आणि एकटी पुढे गेली. पायात खडाबिडा काही नव्हता.