एकाच ताग्यातले दोन स्कर्ट

यंदा मे महिन्यात माझ्या मुलीला टेनिसचं वेड लागलं. खेळाचं नव्हे, दिसण्याचं. तिने आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही, पण साताऱ्याबाहेर हायवेवर नवा कॅफे निघालाय, तिथे मैत्रिणींनी टेनिसच्या थाटात जमायचं ठरवलं होतं. पांढरे बूट आले, कपाळावरची पट्टी आली, क्रीम घालून खायला गोठवलेली स्ट्रॉबेरी आली. मग एक विणलेला स्वेटरही आला.

"एवढ्या उन्हात स्वेटर?"

"आई, तो घालायचा नसतो गं. नुसता खांद्यावर टाकायचा."

मी हसले. पण तिने माळ्यावरची ट्रंक उघडली आणि तळाचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पांढरा टेरिकॉटचा स्कर्ट बाहेर काढला, तेव्हा हसू गेलं.

"हा तुझा? कसल्या भारी चुण्या आहेत! कधी बोलली नाहीस."

खरंच बोलले नव्हते. तिच्याशीच काय, कुणाशीच.

सांगलीला आमच्या कॉलेजमागे लाल मातीचं एकच कोर्ट होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या फक्कीने रेषा आखायच्या, मगच खेळ. ही सगळी कामं मी आणि माझी मैत्रीण करायचो. ती इस्लामपूरकडची, ऊसवाल्या घरातली. थोरला भाऊ सैन्यात होता, त्याने तिला रॅकेट आणून दिली होती. तिचा चेंडू रेषेवरची फक्की उडवून जायचा. मी बरी खेळायचे, एवढंच.

साताऱ्याच्या सामन्यांसाठी मुलींच्या एकेरीत एकच जागा होती. सरांनी तिचं नाव दिलं, मला राखीव ठेवलं. पांढरा स्कर्ट सक्तीचा होता. तिच्या घरी मात्र ती सलवारीवर खेळते असाच समज. म्हणून तिच्या वैनींनी, त्या सैन्यातल्या भावाच्या बायकोने, दुपारी दार लावून एकाच ताग्यातून दोन स्कर्ट शिवले. आम्ही ते घालून उभ्या राहिलो तेव्हा त्या म्हणाल्या, "जावा-जावा दिसताय गं. कुणाच्या घरात पडताय कुणास ठावं."

सामन्याच्या दोन दिवस आधी मी एसटीने तिच्या घरी गेले. ती दळण आणायला गेली होती. वडील पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसले होते.

"काका, तिच्या स्कर्टाला इस्त्री झाली का?" मी विचारलं.

"कसला स्कर्ट?"

"खेळायचा. गुडघ्यापर्यंतचा."

कुणालाही वाटलं असतं, पोरीच्या तोंडून चुकून निघालं. चुकून नव्हतं. एसटीत बसल्यापासून मी ते वाक्य मनात घोळवत होते.

तिचं कोर्टावर येणं त्या दिवशी संपलं. जिने शिवला तिनेच फाडायचा, असं वडिलांनी फर्मावलं. वैनींनी तिच्यासमोर कात्रीने त्या स्कर्टाची फडकी केली. कुणी सांगितलं, हे वडील बोलले नाहीत. कारणं देणारा माणूस नव्हे तो. परीक्षेला आली तेव्हा तिने मला विचारलं, "कोण बोललं आसंल गं?"

मी म्हणाले, "वैनींशिवाय माहीत कुणाला होतं?"

पहिलं पाप हेव्यापायी झालं. दुसऱ्याला तेवढंही कारण नव्हतं, नुसती भीती. साताऱ्याला मी खेळले आणि पहिल्याच फेरीत हरले.

आता ती कोरेगावात असते. आमचं येणंजाणं आहे, हळदीकुंकू आहे, आजारपणात डबा आहे. मुलगी आरशासमोर तो स्कर्ट लावून बघत होती, तेव्हा मला कळलं की तो तिला घालू देणं आपल्याच्याने होणार नाही. रविवारी पिशवीत घालून कोरेगावला गेले.

दुपारी ती टीव्हीवर टेनिस बघत होती. लाल मातीचे सामने ती एकही उन्हाळा चुकवत नाही.

"बस बस. ही पोरगी बघ, लय मारतीय."

मी पिशवीतून स्कर्ट काढून तिच्या मांडीवर ठेवला. ती चुण्यांवरून हात फिरवू लागली. मी सांगून टाकलं. वडिलांपुढचं वाक्य, एसटीतली तयारी, सगळं.

तिने टीव्हीचा आवाज बंद केला. "आन् वैनीचं नाव?"

"तेही मीच घेतलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं."

तिने मांडीवरच्या स्कर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या लग्नात वैनी वटी भराया आली, तवा मी पाठ फिरवली हुती. चारचौघांत. तू हुतीस की तितं."

"होते."

"बघत हुतीस."

"हो."

तिने फोन उचलला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता की माझ्यासाठी मोठा केला, ठाऊक नाही.

"काय वो वन्सं," पलीकडून वैनी म्हणाल्या, "आज कशी आठवण झाली? समदं बरं हाय न्हवं?"

पलीकडे दोनदा "हॅलो, हॅलो" झालं.

"वैनी, उद्या येती मी. घरात हायसा न्हवं?"

"आता मी कुटं जातीय? येकटीच येणार का?"

"येकटीच. तुमी शिवल्यालं येक कापड हाय माझ्याजवळ, ते घिऊन येती."

फोन ठेवला. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चार शिव्या तरी घालेल. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं.

"आज नगं," ती म्हणाली. "आदी वैनीकडं जाऊन येती. तू जा आता. स्कर्ट हितंच ठिव."

मी उठले. चहा झाला नव्हता. त्या घरातून चहा न घेता निघण्याची ती पहिलीच वेळ.

घरी मुलीने पिशवी चाचपली. "स्कर्ट कुठंय?"

"ज्यांनी शिवला त्यांच्याकडे चाललाय," मी म्हणाले आणि तिला समोर बसवून पहिल्यापासून सांगितलं. कॅफेत ती जीन्स घालून गेली, खांद्यावर तो स्वेटर टाकून.

कोरेगावहून अजून फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. लाल मातीचे सामने अजून चालू आहेत. दुपारी मी टीव्ही लावते आणि आवाज बंद ठेवते.