अनपेक्षित उशीर

त्या वर्षी दसऱ्यापासून आमच्या घरात मिक्सर लावायला बंदी होती. बंदी मी घातली होती आणि तिचं कारण शास्त्रीय होतं.

आमचं घर कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत. वर आम्ही राहायचो आणि खाली अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मशीन शॉप. अप्पांनी उभा जन्म हाताने चाकं फिरवून मिलिंग, म्हणजे धातू कापून आकार द्यायचं काम, केलेलं. मी डिप्लोमा करून घरी आलो आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की कोपऱ्यात पडलेलं भंगारातलं मिलिंग मशीन मी कम्प्युटरवर चालवून दाखवणार. त्यासाठीचा तयार कंट्रोलर विकत मिळायचा, पण त्या किमतीत मशीन, शॉप आणि मी असे तिघे मिळून विकलो असतो तरी भागलं नसतं. लिनक्स नावाची कम्प्युटर चालवणारी प्रणाली मात्र फुकट होती. फुकट हा शब्द ऐकल्यावर अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कम्प्युटरकडे आदराने बघितलं.

याच सुमाराला माझ्या लग्नाचंही चाललं होतं. उचगावच्या मगदुमांची ओतकामाची छोटी फौंड्री होती आणि त्यांची मुलगी वैशाली बी.कॉम. होऊन फौंड्रीचा सगळा कारभार बघायची. तिला मी एकदा एका लग्नात पाहिलं होतं. जेवणाच्या पंगतीत आमटी पातळ का झाली याबद्दल ती आचाऱ्याला इतक्या शांतपणे विचारत होती, की आचाऱ्याला घाम फुटला होता. मला ती तिथेच आवडली. मगदुमांनी मात्र निरोप पाठवला होता, "पोरगं मागनं बघू. आधी ते कम्प्युटरचं मशीन चालतंय का बघतो. चाललं तर पोरगं हुशार. न्हाय चाललं तर बापाचा पैसा घालवणारं." म्हणजे माझी पत्रिका, गोत्र, रंग, उंची सगळं बाजूला राहिलं आणि माझं लग्न त्या भंगाराच्या मशीनवर येऊन अडकलं. मशीन चालणं मला अत्यंत गरजेचं होतं, आणि ते देशाच्या प्रगतीसाठी नव्हे.

आता थोडं शास्त्र. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. अप्पांनीही सोडला होता.)

प्रत्येक कम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. दहा कामं आली की कुठलं आधी करायचं ते तो ठरवतो. साधा कारभारी आपल्या तालुक्याच्या कचेरीतल्यासारखा असतो. काम करतो, पण त्याच्या सवडीने. मशीनच्या मोटारीला सवड चालत नाही. तिला बारीक बारीक इशारे अगदी ठरल्या क्षणाला मिळावे लागतात. एक जरी उशिरा पोचला तर मोटार अडखळते आणि कटर भलतीकडे जातो. म्हणून रिअल टाइम कर्नेल लागतो, म्हणजे घराला आग लागली तरी आधी मोटारीला इशारा देणारा आणि मग बादली शोधणारा कारभारी. असा कारभारी तेव्हा घरीच बनवावा लागायचा. सायबर कॅफेतून त्याचे सुटे भाग सीडीवर आणायचे, जोडायचे, आणि कम्प्युटरला तो शिजवायला लावायचं. आमच्या जुन्या कम्प्युटरवर तो शिजायला अर्धा दिवस घ्यायचा आणि भारनियमन त्या अर्ध्या दिवसाच्या आतच कुठेतरी असायचं. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

"बसू," अप्पा म्हणाले (बसू हे माझं नाव), "एवढ्या येळात तुझ्या आईनं आख्ख्या गल्लीच्या भाकऱ्या केल्या असत्या की."

"अप्पा, हे भाकरीसारखं नसतंय."

"तेच म्हनतोय. भाकरी शेवटी हुतीया."

पण एके दिवशी लाइट गेली नाही आणि कर्नेल झाला! मी कम्प्युटर मशीनला जोडला, अॅल्युमिनियमची पट्टी लावली आणि एक साधा गोल कापायला सांगितला. मशीन सुरेख फिरायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊण गोल झाला आणि मशीन मध्येच अडखळून करकरलं, मग उरलेला पाव त्याने तसाच रेटला. स्क्रीनवर इंग्रजीत पाटी आली. अप्पांनी अर्थ विचारला.

"अनपेक्षित उशीर झाला म्हणतंय."

"अनपेक्षित कशाला," अप्पा म्हणाले, "मला अपेक्षितच हुता."

पट्टी काढून बघितली, तर गोलाचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळालेलंच नव्हतं. दोन टोकं शेजारी शेजारी येऊन, एकमेकांशी भांडण असल्यासारखी थांबली होती. अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, ती पट्टी हातात घेऊन बघितली आणि जिलेबी चांगली झाली म्हणून सांगितलं.

मी शोधाला लागलो. नेमका त्याच वेळी वर मिक्सर लागला होता. गुन्हेगार सापडला! मी वर जाऊन मिक्सरची पिन बोर्डातून उपसली.

"मग चटणी कशात वाटू?" अव्वा म्हणाली.

"पाट्यावर वाट."

"पाट्यावर वाटून वाटून मनगटं गेली म्हनून मिक्सर घेतला न्हवं? आणि लगीन कुनाचं हाय, माझं?"

शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, त्यामुळे ती पाट्याकडे गेली. मी दुसरा गोल लावला. पाऊण गोल उत्तम, आणि पुन्हा अनपेक्षित उशीर. मग मी टीव्ही बंद केला. (ऐन मालिकेच्या वेळी. सासूने सुनेला घराबाहेर काढलं की नाही हे अव्वाला शेजारणीकडून दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तोपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.) गोल मिळाला नाही. मग पंखे बंद केले. मग ट्यूबलाइट बंद करून बल्ब लावला. मग फ्रीज. फ्रीजमधलं दूध नासलं, त्या दिवशी अप्पांना कोरा चहा मिळाला, आणि त्यांनी तो माझ्याकडे बघत बघत प्यायला. गोलाची टोकं मात्र तशीच वेगळी राहिली.

आता संशय घराबाहेर गेला. आमच्या भिंतीला लागून शिवाण्णांची पिठाची गिरणी होती. मी जाऊन त्यांना रोज दुपारी अर्धा तास गिरणी बंद ठेवायची विनंती केली.

"आनि लोकांनी काय करायचं? गहू चावायचं?" शिवाण्णांनी विचारलं.

"अण्णा, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

शिवाण्णा विधुर होते आणि मवाळ होते. त्यांनी पट्टा उतरवला. गिऱ्हाइकं डबे घेऊन आमच्या दारात बसायला लागली आणि आत काय शिजतंय ते बघायला लागली. गोल नाही तो नाहीच. शेवटी एकच वस्तू राहिली होती, ती म्हणजे फोन. घंटी वाजली तर तारेतून काहीतरी येत असणार, असं मला वाटलं. (काय येत असणार, ते विचारू नका.) मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवून दिला. त्यामुळे मगदूम दोन दिवस आम्हाला फोन लावत राहिले आणि आम्हाला पत्ताच नाही. फोन लागत नाही म्हटल्यावर रविवारी दुपारी ते सरळ आमच्या दारात हजर झाले. बरोबर वैशाली होती. फौंड्रीसाठी साधा हातोडा घ्यायचा असला तरी ते तिला घेऊनच जायचे. हे तर मशीन होतं, आणि त्याला एक जावई जोडून येणार होता.

ऑक्टोबरचं ऊन. पत्र्याची शेड. पाव्हण्यांना मी खुर्च्यांवर बसवलं आणि पंखा लावला नाही.

"पंखा बिघडलाय काय?" मगदूम उपरण्याने वारा घेत म्हणाले.

"नाही, चांगला आहे. मशीन चालू असताना लावायचा नाही."

"बरं."

"आणि तुमचा मोबाइल बंद कराल का?"

"फौंड्रीत भट्टी चालू हाय माझी."

"दहाच मिनिटं."

त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी छताकडे बघितलं. मोबाइल बंद झाला. मी शिवाण्णांना हाक मारली, गिरणी थांबली, आणि डबेवाली गिऱ्हाइकं दारात गोळा झाली. अव्वाला वर निरोप दिला की चहाच्या भांड्यांचाही आवाज नको. सगळे जण शोकसभेत दोन मिनिटं उभे असल्यासारखे गप्प झाले. वैशाली काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला गप्प बसायला सांगणारा कोल्हापुरातला पहिला मुलगा मीच असेन.

"बोलण्यानं पण थांबतंय का मशीन?" तिने हळूच विचारलं.

"कारण अजून सापडलं नाही. म्हणून खबरदारी."

गोल सुरू झाला. काय फिरलं ते मशीन! पाव झाला, अर्धा झाला, पाऊण झाला. मगदूम खुर्चीतून पुढे वाकले. मला राहवलं नाही. कम्प्युटर किती वेळेवर इशारे देतो याचा आलेख दाखवणारी एक खिडकी स्क्रीनवर मागे होती. ती मी माऊसने ओढून पाव्हण्यांना दिसेल अशी मधोमध आणली. मशीन करकरलं आणि पाटी आली.

"काय म्हनतंय?" मगदूम.

"उशीर झाला म्हनतंय," अप्पा.

"कुनाला?"

"आमच्या पोराला. लगनाला."

डबेवाले हसले. मी घाम पुसला आणि दोष त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याच्या खोकल्यावर ढकलला. दुसरा गोल लावला. पुन्हा पाऊणपर्यंत देखणा, पुन्हा तेच. या वेळी मी वैशालीला बांगड्या हलवू नका म्हणालो. हे वाक्य मी खरोखर म्हणालो आहे, ते अजून मला ऐकवलं जातं. तिने बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. तिसरा गोलही फुटला. मगदूम उठले आणि चप्पल शोधायला लागले. आता काय बंद करायचं राहिलं होतं? गल्लीतली एकूण एक गोष्ट बंद होती!

"बाबा, थांबा जरा," वैशाली म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही बाहेर जाऊन उभं राहता का?"

"मी? मशीन कोण चालवणार?"

"बटण मी दाबते. इथलं सगळं बंद करून झालं. तुम्ही तेवढं राहिलाय."

अप्पा म्हणाले, "जा बसू." ते इतक्या पटकन म्हणाले, की ही गोष्ट त्यांच्या मनात बरेच दिवस असावी.

मी बाहेर जाऊन डब्यांच्या रांगेत उभा राहिलो. एकाने मला, तुमचं ज्वारी का गहू, असं विचारलं. आतून पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. मग वैशालीचा आवाज आला, "काकू, लावा मिक्सर." वरून मिक्सर घरघरला. मग टीव्ही लागला. शिवाण्णांनी आपण होऊन पट्टा चढवला. फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवताक्षणी घंटी वाजली, आणि त्यावर अव्वा कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलायला लागली. एवढ्या गदारोळात माझं मशीन एका सुरात, कुठेही न अडखळता चाललं होतं. मी कान देऊन ऐकत राहिलो. मला आनंदही होत होता आणि अपमानही वाटत होता, आणि दोन्हींपैकी जास्त काय ते ठरत नव्हतं. मशीन थांबलं. मी धावत आत गेलो.

मगदुमांनी पट्टी हातात घेतली होती आणि ते तिच्यावरून बोट फिरवत होते. बोट कुठेही अडलं नाही. गोल मिळाला होता.

"चांगलं चाललं की तुम्ही ती खिडकी ओढून पुढं घेता," वैशाली म्हणाली. "ती ओढली की मशीन अडखळतंय. तिन्ही वेळा बघितलं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी समजावून सांगायला लागलो, की आमच्या स्वस्तातल्या कम्प्युटरमध्ये चित्रासाठी वेगळं कार्ड नाही, त्यामुळे खिडकी सरकवताना चित्राचं काम मेमरीची वाट अडवून धरतं आणि त्या वेळी कर्नेल कितीही तत्पर असला तरी त्याला पुढे जायला...

"म्हंजे तूच," अप्पा म्हणाले.

एवढ्या अभ्यासाचा दोन शब्दांत असा सारांश पुढे कुणी केला नाही. मिक्सर, टीव्ही, फ्रीज, गिरणी, म्हाताऱ्याचा खोकला, सगळे निर्दोष सुटले. मशीन कसं चाललंय हे मी बघायला गेलो, की मशीन अडखळायचं.

अव्वा चटणी-भाकरीची ताटं घेऊन खाली आली. मगदुमांनी पट्टी तिच्यापुढे धरली. "वैनी, मशीन पसंत हाय."

"आनि पोरगं?" अव्वाने विचारलं. तिने ताट अजून हातातच धरलं होतं.

मगदुमांनी मुलीकडे बघितलं. वैशालीने पर्समधून बांगड्या काढल्या, एकेक करून शांतपणे हातात चढवल्या आणि म्हणाली, "चालेल. लांबनं बघितलं तर काही वाईट न्हाय."

महिनाभरात लग्न झालं. आमच्यात अंतरपाट धरत नाहीत, त्यामुळे शेजारी शेजारी बसलो होतो, मंगलाष्टका रंगात आल्या होत्या, लोकांच्या मुठीत अक्षता होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की हात आपोआप बाशिंग नीट करायला वर निघाला. शेजारून, ओठ न हलवता, आवाज आला.

"चांगलं चाललंय. हात खाली."

तो अजून खालीच आहे.