मावळतीनंतरचा घास

डॉक्टर दिवाळीच्या पुढचं काही बोलेनात, तेव्हा घरात सगळ्यांना एकदम आत्तींचा पुळका आला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. ह्यांनी मोबाइलवर शिखरजीच्या तीर्थाला जायची रेल्वेची तिकिटं बघायला घेतली. जन्मभर पूजा-उपवास केले, शेवटी यात्रा तरी घडावी, असं ह्यांचं म्हणणं. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायका तर दर्शनाला सोबत म्हणून पिशव्या भरूनच तयार!

आत्ती म्हणाल्या, "शिखरजी कुटं पळून चाललाय व्हय? मला आदी जतला न्या."

जतला त्यांची नणंद राहते, आमच्या आत्याबाई. एकोणीस वर्षं येणं-जाणं बंद. कारण मला पक्कं ठाऊक, नवी सून म्हणून मी तिथंच उभी होते ना! आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्या दिवशी वाटेत एसटी बंद पडली आणि आत्याबाई अंधार पडल्यावर पोचल्या. दारातनंच म्हणाल्या, "वैनी, काय तरी खायला द्या, लय भूक लागलीया." आत्ती चार बायकांदेखत बोलल्या, "जैनाची लेक न्हवं तुमी? रातीचं खाता?" चूल काही पेटली नाही. आत्याबाई पाणी पिऊन झोपल्या आणि पहाटे गेल्या त्या गेल्याच.

"भादव्यात क्षमावाणीला मागा की माफी, फोनवरनं," मी फटकन बोलले. मला त्यांच्या प्रवासाची धास्ती होती, आणि माझं तोंड हे असं. खरं सांगू? क्षमावाणीला आम्ही सगळ्यांपुढं हात जोडतो, फक्त जिच्याशी वाकडं तिचं दार तेवढं चुकवतो.

"भादव्यापतूर मी हाय का न्हाई, कुणाला ठावं?" आत्ती म्हणाल्या. "सोपी दारं लय झाली. अंगात जीव हाय तवर अवघड दार गाठू."

वाटेत दोनदा त्यांना उलटी झाली, गाडी थांबवावी लागली. जतला पोचलो तर गल्लीत टँकर आलेला, आत्याबाई घागर घेऊन येत होत्या. आम्हाला बघितलं, 'या' म्हणाल्या नाहीत, सरळ आत गेल्या. आत्ती पायरीवरच बसल्या नि हात जोडले. "वन्सं, चुकलं माजं. मी नियम पाळला आन तुमाला उपाशी ठेवलं."

आत्याबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. दिवस मावळू दिला, आणि मगच चूल पेटवली. गरम भाकरी, पिठलं, चटणी असं ताट आणून आत्तींपुढं ठेवलं. "जेवा. माज्या दारातनं कुणी उपाशी जाईत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. आजारी बाईवर असा सूड? तोंड उघडणार, तोच आत्तींनी माझा गुडघा दाबला. सत्तर वर्षांत या बाईनं मावळतीनंतर घास घेतला नव्हता, औषधाच्या गोळ्यासुद्धा उजेडात घ्यायच्या. त्या ताटाकडं बघत राहिल्या. मग डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास तोंडापाशी नेला.

आत्याबाईंनी झटकन मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, वैनी." घास काढून घेतला, ताटात ठेवला आणि ढसाढसा रडायला लागल्या. "मला पावलं. सकाळी जेवू, दोगी मिळून."

आत्तींसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. नियम कशासाठी पाळायचा, हे मला त्या घासानं शिकवलं, एवढी वर्षं बस्तीत जाऊन कळलं नव्हतं.

त्या रात्री आत्याबाईंनीही पाण्यावरच भागवलं. सकाळी ऊन अंगणात आलं तशा दोघी एका ताटात जेवायला बसल्या आणि मी भाकऱ्या थापत होते. महिनाभर चतकोराच्या पुढं न गेलेल्या आत्तींनी दीड भाकरी खाल्ली, आणि वर अजून पिठलं मागितलं.