रविवारी उघडी बँक

गंगापूर रोडवरच्या आमच्या परकीय चलनाच्या काउंटरवर इंदूमावशी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी मला सरळ चोर ठरवलं. त्यांनी पाचशेच्या नोटांची गड्डी पुढे केली आणि मी ओमानी रियालच्या मोजून सात नोटा दिल्या.

"एवढ्या गड्डीचे सात कागद? मी काय आज पहिल्यांदा बाजारात आले का?"

एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांच्या वर आणि यातल्या बहुतेक नोटा पन्नास रियालच्या, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी प्रत्येक नोट उजेडात धरली, मग मागे उभ्या असलेल्या बाईंना आणि वॉचमनला विचारून खात्री केली, आणि तेव्हाच नोटा बटव्यात गेल्या.

मावशी सटाण्याच्या. नवरा गेल्यावर डाळिंबाची बाग एकटीनं राखलेली. लेक कविता मस्कतला नर्स, तिच्या बाळंतपणाला त्या निघाल्या होत्या. सगळ्यांना देतो तसा मी त्यांनाही तिकडच्या माहितीचा कागद दिला. दुकानं दुपारी बंद आणि संध्याकाळी पुन्हा उघडी, बँका दुपारपर्यंतच, सुट्टी शुक्रवार-शनिवार.

"माले शिकाडू नको," असं म्हणून त्यांनी कागद घेतला. त्यात त्यांनी चटणीची पुडी बांधली, हे मला पुढे कळलं. माझा नंबर मात्र नीट लिहून नेला.

महिन्याभरानं एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज दबका होता. मावशींचा आवाज दबका, इथेच मला खटकलं.

"कविताचं बँकेचं कार्ड जावई खिशात घालून फिरतो रे. पगार हिचा, आन् बाळाच्या दुपट्याला पैसे मागायचे त्याच्याकडं. काल बोलले तर हसला. म्हणे, जा ना बँकेत, सासूबाई! तीन दिवस बंदच असते. आज सुट्टी, उद्या सुट्टी, परवा रविवार. आन् रविवारी रात्री माझं विमान. मी गेल्यावर ही पोर कधीच तोंड उघडायची नाय."

माझं डोकंच फिरलं. "मावशी, तिकडचा रविवार म्हणजे आपला सोमवार. सकाळी बँक उघडी असते!"

आता पलीकडून अस्सल आवाज आला, "मेल्यानं फसवलं मला! बँक काय त्याच्या बापाची शे?"

बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, यासाठी साऱ्या भावकीला धाकात ठेवणारी ही बाई. कविताला बाळंत होऊन वीसच दिवस झाले होते. पण रविवारी जावई कामावर गेला आणि मावशींनी लेकीच्या कानाला फडकं बांधलं, नातू शालीत गुंडाळला, टॅक्सी बोलावली. कविता दारात अडखळली. "आई, तूच म्हणतेस ना, बाहेर पडू नये?"

"म्हणत होते. आता म्हणते, चल."

दुपारी बँक बंद व्हायच्या आत जुनं कार्ड रद्द झालं, नवं हातात आलं आणि बँकेचे मेसेज कविताच्या फोनवर यायला लागले.

संध्याकाळी जावई कडाडला, "कोणाला विचारून गेलात?"

"तूच म्हणाला ना, जा बँकेत," मावशी म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

परत आल्यावर त्यांनी हा सगळा किस्सा काउंटरवर उभ्यानंच सांगितला. शेवटी बटव्यातून पाच रियालची नोट काढली. नव्या कार्डावर काढलेली पहिली नोट, लेकीनं विमानतळावर हातात ठेवलेली. मी सवयीनं भाव बघायला लागलो, तर त्यांनी नोटेवर पंजा ठेवला.

"मोडायची नाय. तुला दाखवायला आणली."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. बातमी उशिरा कळली आणि मला फार वाईट वाटलं. मग एका सोमवारी एक बाई मुलाचं बोट धरून आली आणि तीच नोट तिनं काचेवर ठेवली.

"आईच्या बटव्यात होती. मोडायची नाहीये. आई तुमचं नाव घ्यायची, म्हणून भेटायला आले. पण काल येऊन परत गेले. रविवारी बंद का ठेवता हो तुम्ही? कोणाचं काही अडलं असेल तर?"

तेव्हापासून आमचं काउंटर रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. मालक कुरकुरतात. मी ऐकत नाही.