गोजरबाई आधी खोली बघते

गोजरबाई कामाला हो म्हणण्याआधी खोली बघते. बाळंतीण नंतर, बाळ त्याहून नंतर. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात गेली पस्तीस वर्षं ती बाळ-बाळंतिणींना तेल लावते, न्हाऊ घालते, शेक देते. पोरीला नववा लागला की तिच्या माहेरी जाऊन खोलीत बसते. गोधडीवर उघडा हात ठेवते आणि चहा पिऊन होईपर्यंत तो हलवत नाही. काय चावतं ते तिला आधी स्वतःच्या हाताला कळायला हवं असतं. लोक तिला खवचट म्हणतात. म्हणोत.

आमच्या शेजारच्या उत्तमरावांची पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा पौष लागला होता आणि तिच्या खोलीत कापूस होता. थोडाथोडका नव्हे, जमिनीपासून पार छतापर्यंत. भाव चढेल म्हणून उत्तमरावांनी तो दिवाळीपासून धरून ठेवला होता. घरात कशाची ददात नाही. दारात ट्रॅक्टर, बैठकीत सोफा, दिवाण, काचेचं कपाट. पण बैठक पाहुण्यांसाठी. पोरीसाठी कापसाला खेटून टाकलेली एक बाज. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगावर गांधी उठतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला ती बाज बघूनच शिसारी आली.

गोजरबाईने हात ठेवला. अर्धा कप चहा व्हायच्या आत कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या. तो हात तिने पूनमच्या आईसमोर, आशाबाईंसमोर धरला. कापूस हलवा, खोली धुऊन काढा, आठ दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवा, मग मला बोलवा, असं तिने सांगितलं. आशाबाईंनी मान हलवली. आशाबाईंची मान लग्न झाल्यापासून हलतेच आहे, नवऱ्यापुढे मात्र ती कधी नाही म्हणायला हलली नाही.

पूनम बुलढाण्याला दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. उत्तमरावांनी गावभर पेढे वाटले, मलाही दोन दिले, आणि खोली तयार करायला घेतली. ती तयारी सांगताना अजून तोंड कडू होतं. कापूस एका बाजूला रेटून त्यावर निळी ताडपत्री टाकली. ताडपत्रीला फुगे चिकटवले. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र लावलं, नवा पाळणा आणला. आणि किड्यांचा बंदोबस्त म्हणून पाठीला पंप अडकवून उत्तमरावांनी स्वतः खोलीभर फवारणी केली. कपाशीवर मारतात ते औषध. उरलं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. पूनम टाके सांभाळत हळूहळू उतरली, खोली तयार आहे असा निरोप मिळाल्यावर आलेल्या गोजरबाईने बाळ घेतलं. भाकरतुकडा ओवाळून टाकायला मीही गेले होते. सगळ्या आत आलो. गोजरबाई खोलीच्या उंबऱ्याशी थांबली, वास घेतला आणि झटकन मागे सरली. बाळाच्या तोंडावर तिने पदर धरला.

बैठकीत उत्तमरावांचे दोन पाहुणे चहा पीत बसले होते. उत्तमराव तिथून उठून आले. कालचाच वास आहे, जाईल आता, खिडकी उघडी आहे, असं सांगू लागले. फुगे किती हौसेने आणले तेही सांगितलं. वीतभर लेकराला विषात निजवायला निघालेला माणूस हौसेच्या गोष्टी सांगत होता. माझं डोकं फिरलं. गोजरबाईचा आवाज मात्र चढला नाही.

"भाऊ, आजची दुपार तुमी निजा या बाजेवर. तुमी निजले की मंग मी लेकराले आत नेईन."

"मले नाही जमत बाई," उत्तमराव सहज बोलून गेले. "आंगाले खाज सुटते तिथं."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, याची मला जास्त किळस वाटली. पूनम बापाच्या तोंडाकडे बघत भिंतीला धरून उभी होती. तेवढ्यात आशाबाई बैठकीत गेल्या, दिवाणावरची झालरीची चादर त्यांनी ओढून काढली आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "उठा हो भाऊ. पोरगी निजते इथं."

पाहुणे हातातले कप घेऊनच ओट्यावर गेले. उत्तमरावांनाही त्यांच्या मागोमाग जावं लागलं.

सव्वा महिना पूनम बैठकीत राहिली. सोफ्याशेजारी शेगडी पेटायची आणि गोजरबाई तिथेच पाय पसरून बाळाला तेल लावायची. कापूस आहे तिथेच राहिला. आता उत्तमराव चारचौघांत सांगतात की पोरीसाठी मी माझी बैठक सोडली, आणि ऐकणारे माना डोलावतात. त्या माना बघितल्या की मी तिथून उठून जाते.

पण गोजरबाईला मी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. फवारणी झाली त्या दिवशी दुपारी चार वाजता तो वास माझ्या स्वयंपाकघरात आला होता. कशाचा आहे, कुठल्या खोलीतला आहे आणि उद्या त्या खोलीत कोण येणार आहे, सगळं मला कळलं होतं. मी खिडकी लावून घेतली आणि कणीक मळायला बसले.