दूध केंद्राच्या भिंतीवरची म्हैस

केज तालुक्यातल्या एका गावात सहकारी दूध सोसायटीचं संकलन केंद्र आहे. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक म्हैस रंगवलेली आहे. मूळ चित्र ज्या पेंटरनं काढलं त्यांना सगळे उस्ताद म्हणत. दुकानांचे बोर्ड, देवळांच्या कमानी, उसाच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती, हे त्यांचं काम. आज या भागात ब्रश धरणारे बहुतेक जण त्यांच्याकडे शिकले, नाहीतर त्यांच्या शिष्यांकडे. ओळखायची खूण सोपी आहे. ट्रॉलीवरच्या बैलाच्या डोळ्यात पांढरा ठिपका मधोमध नसेल, खालच्या कडेला असेल, तर तो उस्तादांच्या घराण्यातला. जनावर चारा शोधताना खाली बघतं, म्हणून ठिपका खाली.

ही म्हैस दुष्काळात काढलेली. मी तेव्हा बीडच्या एका दैनिकासाठी टंचाईच्या बातम्या करत असे आणि चारा छावणीवरून परतताना केंद्रावर थांबलो होतो. उस्तादही रोज छावणीतूनच येत. जनावरासमोर बसल्याशिवाय ते रंग कालवत नसत. शिष्यांनाही तिथंच न्यायचे आणि सांगायचे, "आधी बसा. हात खिशात ठिवा." पाण्याची बोंब असल्यामुळे रंग कालवायला ते दुधाचे कॅन विसळलेलं पाणी मागून घेत.

त्या दिवशी सोसायटीचे चेअरमन भिंतीसमोर उभे होते. त्यांनी डौलदार म्हैस सांगितली होती. समोर कमरेची माकडहाडं वर आलेली, पोट आत गेलेली म्हैस होती.

"पेंटर, ही म्हैस हाय का सांगाडा? लोकं म्हणतील पेंड सोसायटीच खाती."

"पेंड कोण खातं ते म्या कुठं काढलंय? म्या म्हैस काढली."

"जरा भरा की तिला. रंगाला काय तोटा हाय?"

"पाऊस पडू द्या साहेब. पडला की भरतो."

चेअरमन हसले आणि विषय तिथंच राहिला. पुढं पाऊस झाला तेव्हा उस्ताद खरोखरच रंगाचे डबे घेऊन आले. त्यांनी पोट भरलं, कमरेची हाडं झाकली. पुढच्या टंचाईत ओल्या फडक्यानं पोट पुसून पुन्हा आत घेतलं. रंग चुन्यातले, साधे असल्यामुळे हे जमायचं. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी मजुरी देत नव्हतं. पाऊस अर्धा झाला तर पोटही अर्धंच भरायचं. दूध घालायला येणारी माणसं म्हणू लागली, तहसीलची पिकाची पैसेवारी मागून येते, म्हशीची आधी.

शेवटच्या उन्हाळ्यात उस्ताद आजारी होते. उपड्या कॅनवर बसून त्यांनी फडकं फिरवलं, माकडहाडाची रेष ओढली आणि घरी गेले. ते चित्र तसंच राहिलं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही आणि त्याची वाट पाहतच उस्ताद गेले.

त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला सोसायटीनं केंद्रावर कार्यक्रम ठरवला. मी चेअरमनना एकच विनंती केली. भिंतीला हात लावू नका, त्यांनी ठेवली तशी म्हैस राहू द्या. ते म्हणाले, "शब्द दिला." तेवढ्यावर भागणार नाही हे माहीत असल्यामुळे मी उस्तादांच्या तीन जुन्या शिष्यांनाही भेटलो. एक केजला ट्रॉल्या रंगवतो, दुसऱ्याचं बीडला फ्लेक्सचं दुकान आहे, तिसरा शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, बरोबर आहे. फ्लेक्सवाला म्हणाला, "तुमी म्हणताल तसं." ट्रॉल्यावाला म्हणाला, "उस्तादाच्या चित्राला आमी हात लावू? काय बोलताव सर!"

कार्यक्रमाच्या सकाळी मी पोचलो तेव्हा भिंत चकाकत होती. म्हैस काळीभोर, तुकतुकीत, पोट मावत नव्हतं. तिघंही खाली उभे होते. कपड्यांवर रंग, डोळे जागरणानं लाल. ट्रॉल्यावाला पुढं आला.

"हात न्हाई लावला, सर. उजळली फक्त. रेष उस्तादाचीच हाय, बघा."

मी पाहिलं. पाठीचा बाक, मानेची वळी, डोळ्यातला खालचा ठिपका, सगळं त्यांचंच होतं. इतकं की वाद घालायला जागा उरली नाही.

"पाऊस कुठं झालाय?" मी विचारलं.

"न्हाई झाला. पण पाहुणे येणार, उस्तादाचा दिवस. उपाशी म्हैस दाखवायची का?"

"मग ही कुठली पाहून काढली?"

त्यानं मोबाईल काढला. पडद्यावर हार घातलेली मुऱ्हा म्हैस होती. "हरयाणाची हाय. नंबर आलेली."

चेअरमनना शब्दाची आठवण दिली. ते म्हणाले, "पोरं रडत व्हती हो रंगवताना. त्यांना काय म्हणू?" तेही खोटं नव्हतं. चित्रकलेच्या शिक्षकांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

तेवढ्यात सकाळच्या दुधाची वेळ झाली. एक म्हातारी बाई कासंडीत तळाला असलेलं दूध घेऊन आली, भिंतीपुढं थांबली आणि शिष्यांकडे वळली.

"बाबांनो, हिला कोन्त्या छावणीत ठिवलती? आमचीबी धाडते."

सगळे हसले. शिष्यही हसले. फ्लेक्सवाल्यानं तिला चित्रापुढं उभं करून फोटो घेतला.

भाषणांत पाहुण्यांनी उस्तादांना ग्रामीण वैभवाचा चित्रकार म्हटलं. मी बातमीत म्हैस मुळात रोड होती आणि ती कधी, का भरली जायची हे लिहिलं. जागेअभावी तो परिच्छेद कापला गेला. फोटो मात्र मोठा लागला. मथळा होता, 'उस्तादांच्या कलाकृतीला नवसंजीवनी'.

निघताना ट्रॉल्यावाल्याला विचारलं, चुन्यातला रंग का नाही वापरला?

"तो टिकतो कुठं? उस्तादाला दरसाली यावं लागायचं. ह्यो ऑइलपेंट हाय. पुसून पुसायचा न्हाई." त्याच्या आवाजात समाधान होतं. गुरूचे कष्ट वाचवल्यासारखं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. सवयीनं मी केंद्रावर गेलो. लोक दूध घालत होते. भिंतीकडे कुणी पाहत नव्हतं. म्हैस दुष्काळात होती तेवढीच जाड होती.